मास्तरांचा झेंडा

शनिवार होता. साडेदहाच्या बसने मी बाबांच्या गावी पोचले तेव्हा त्यांच्या अंगणातला झेंडा अर्ध्यावर होता. बसचा ड्रायव्हर नवा होता. दार उघडता उघडता त्याने त्या झेंड्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "घरातलं कोणी गेलं का?"

"गेलं," मी म्हणाले. "दीडशे वर्षांपूर्वी."

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. या रस्त्यावर टिकला तर कळेल त्याला, असं म्हणत मी फाटक ढकललं.

बाबा स्वयंपाकघरात उकडलेल्या बटाट्यांची सालं काढत होते. वय चौऱ्याऐंशी. शाळेतून निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली होती, तरी शर्टाचं वरचं बटण लावलेलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आज कोण?"

"आधी कोट तरी काढू द्या."

"काढ ना. कोटाचा आणि उत्तराचा काय संबंध?"

शनिवारची माझी कामं ठरलेली होती. आठवड्याच्या गोळ्या डबीच्या सात खणांत भरायच्या, चादरी धुवायच्या आणि फ्रिजमध्ये त्यांनी जपून ठेवलेलं शिळंपाकं त्यांच्या नकळत बाहेर काढायचं. मी कामाला लागले. खिडकीतून कुंपण दिसत होतं आणि कुंपणापलीकडे वाउनकाका. हे आमचे शेजारी, फेरीबोटीवर तीस वर्षं इंजिनखोलीत काढलेले. त्यांना शिडी हवी होती. पण शिडी मागायच्या आधी झेंड्यावरून एक टोमणा मारल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे.

"मास्तर, माझ्या पुण्यतिथीलाही लावाल ना झेंडा?"

"त्यासाठी आधी काहीतरी सुधारून दाखवावं लागतं, वाउन."

"तीस वर्षं इंजिन सुधारलं की."

"ते दर आठवड्याला पुन्हा बिघडायचं."

"मग तुमच्या या लोकांनी सुधारलेल्या जगाचं तरी दुसरं काय झालंय?"

बाबांनी हातातला बटाटा खाली ठेवला. बाहेर जाऊन शिडी दिली.

आम्ही जेवलो. मुरवलेला हेरिंग मासा, बटाटे, राय धान्याचा काळा पाव. एप्रिल लागला होता पण वारा बोचरा होता, म्हणून कॉफी आतच घेतली. कॉफीचा पहिला घोट झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, आज कोण.

"माहीत नाही, बाबा."

ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "विचार कर. इथलाच, आपल्या डेन्मार्कचा, जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. मास्तर झाला, पण मुलांकडून घोकंपट्टी करून घेणार नाही म्हणाला, म्हणून कोणी नोकरी देईना. मग एका मिशनऱ्याच्या चाकरीत पार तुर्कस्तानात, स्मिर्नाला गेला. आणि परत कसा आला?"

"कसा?"

"तेच तर. खाली इटलीकडे, त्रिएस्तला तो बोटीतून उतरला, आणि तिथे त्याने एक..."

मी घड्याळ पाहिलं. संध्याकाळी मला मैत्रिणीकडे जेवायला जायचं होतं, आणि दोन वीसची बस चुकली तर पुढची चारनंतर. मी म्हणाले, "बाबा, बस येईल. फोनवर सांगा ना."

"फोनवर ढकलगाडी दिसत नाही."

"मग पुढच्या शनिवारी."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली. दर वर्षी जानेवारीत ते त्या कॅलेंडरवर पेन्सिलीने नावं लिहून काढत. "पुढच्या शनिवारी तेरा तारीख. तेरा तारीख रिकामी आहे." मग म्हणाले, "तोवर विचार कर. नाव आठवलं तर पुढचं सांगेन. नाही आठवलं तरी सांगेन."

फाटकापर्यंत सोडायला आले. बस वळताना मी मागे पाहिलं. ते झेंड्याच्या काठीखाली उभे राहून मान वर करून बघत होते, दोरी कुठे अडकली आहे का ते. हात हलवायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मी हलवला, पण तो त्यांना दिसला नाही.

बस गावाबाहेर पडली तेव्हा मी मनात उत्तर दिलं. ख्रिस्तेन कोल्ड. मृत्यू सहा एप्रिल अठराशे सत्तर.

मला ते माहीत होतं. मला सगळेच माहीत होते.

मी सात वर्षांची असल्यापासून हे चालू होतं. न्याहारीच्या आधी बाबा मला अंगणात नेत आणि दोरी माझ्या हातात देत. आधी झेंडा पार वरपर्यंत न्यायचा, मग सावकाश अर्ध्यावर आणायचा. उतरवतानाही तसंच, आधी वर, मग खाली. थेट अर्ध्यावर थांबवला की तो शोक वाटत नाही, आळस वाटतो, असं ते म्हणत. सकाळी आठच्या आत चढवायचा नाही, सूर्य मावळल्यावर क्षणभर ठेवायचा नाही, जमिनीला टेकू द्यायचा नाही. हे नियम गावात सगळ्यांनाच ठाऊक होते. फरक इतकाच की बाकीच्यांकडे झेंडा अर्ध्यावर येई तो घरचं किंवा शेजारचं माणूस गेल्यावर. आमच्याकडे तो ब्रेलसाठी येई, एलिझाबेथ फ्रायसाठी येई, कोपनहेगनच्या रस्त्यात कोसळलेल्या त्या तत्त्वज्ञासाठी येई, भिंगं घासून पोट भरणाऱ्या हॉलंडच्या माणसासाठी येई. वर्षातून चाळीसेक वेळा.

दोरी बांधून झाली की बाबा विचारत, आज कोण. मग शाळेपर्यंतच्या वाटेवर एक एक खूण सांगत जात. मी नाव ओळखलं की गोष्ट सुरू होई आणि शाळेच्या फाटकाशी संपे. तेवढ्या वाटेत न मावणारी मोठी माणसं असली की आम्ही तळ्याला एक फेरी जास्त घालायचो आणि दोघंही उशिरा पोचायचो. मास्तरच उशिरा आल्यामुळे मला कोणी बोलत नसे.

वर्गातली मुलं म्हणत, लुनगोर मास्तरांच्या घरी रोज कोणीतरी मरतं. आई म्हणे, मी जाईन तेव्हा लोकांना वाटेल कुठल्यातरी जर्मन माणसाची पुण्यतिथी असेल. आई गेली त्याला अकरा वर्षं झाली. दर तीन ऑक्टोबरला बाबा तिच्यासाठी झेंडा अर्ध्यावर आणत. पहिल्या वर्षी वाउनकाकांनी कुंपणावरून विचारलं होतं, त्यांनी काय सुधारलं म्हणायचं? बाबा म्हणाले, मला. पुन्हा वाउनकाकांनी त्या तारखेला काही विचारलं नाही.

मी चौदा वर्षांची होते त्या वर्षीची गोष्ट. ऑगस्टमधली तेरा तारीख. आदल्याच आठवड्यात मी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणून संपवलं होतं. बाबांनी दोरी बांधली, माझ्याकडे वळून विचारलं, आज कोण, आणि एकाही खुणेची वाट न बघता मी सुरू झाले. सेमेलवाइस. व्हिएन्नातलं बाळंतिणींचं इस्पितळ. शवं चिरलेल्या हातांनीच डॉक्टर बाळंतपणं करत आणि बायका तापाने मरत. हात धुवा, एवढंच तो सांगत होता, आणि ते कोणाला पटलं नाही. शेवटी वेड्यांच्या इस्पितळात गेला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. धाप लागली होती. शाबासकीची वाट बघत होते.

बाबांच्या हातात दोरीचं टोक तसंच होतं. "बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर."

मग आम्ही शाळेकडे निघालो. सात मिनिटांची वाट. कोणी बोलत नसेल तर सात मिनिटं खूप असतात. फाटकाशी पोचल्यावर ते म्हणाले, "तुला आता सगळंच येतं." आणि आत गेले.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी एलिझाबेथ फ्रायच्या दिवशी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "माहीत नाही." तुरुंगातल्या बायकांमध्ये जाऊन बसणारी, अशी पहिलीच खूण त्यांनी दिली होती आणि मला केव्हाच कळलं होतं. पण मी म्हणाले, माहीत नाही. त्यांचा चेहरा खुलला. त्या दिवशी आम्ही तळ्याला दोन फेऱ्या घातल्या.

तेव्हापासून चाळीस वर्षं मी माहीत नाही म्हणत आले. शहरात राहायला गेल्यावर सव्वाआठला फोन येई. ऐन विशीत मी ते खेळ म्हणून म्हणत असे, तिशीत मायेने. पुढे पुढे त्यातलं काय उरलं होतं मला सांगता यायचं नाही. वाचनालयात कामाला लागले, आयुष्य पुस्तकांत गेलं, बाबा सांगत त्याच्या दुप्पट मला त्या माणसांबद्दल ठाऊक झालं. कधी त्यांचं एखादं साल चुके. मी दुरुस्त करत नसे. फोन फळीवर ठेवून, आवाज मोठा करून मी कप पुसत बसे आणि मधूनमधून हो का, असं म्हणे.

पाच वर्षांपूर्वी एकदा मी अंगणात चादरी वाळत घालत होते. बाबा कुंपणाशी वाउनकाकांशी बोलत होते. मी चादरीआड आहे हे त्यांच्या लक्षात नसावं. ते म्हणाले, "पुस्तकांतच असते दिवसभर. पण तिच्या लक्षात नावं राहत नाहीत. मी काही चांगला मास्तर नव्हतो म्हणायचं."

वाउनकाका हसून काहीतरी म्हणाले, ते ऐकू आलं नाही. मध्ये दहा पावलं गवत होतं. मी चादरीला चिमटा लावला. मग दुसरा लावला.

रविवारी सकाळी सातला फोन वाजला. बाबा सव्वाआठच्या आधी कधी फोन करत नसत. वाउनकाका होते.

"डॅग्नी, तू ये, पोरी."

"काय झालं?"

"झेंडा रात्रभर वरच राहिलाय."

पुढे विचारायचं काही उरलं नाही.

मी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेला होता. त्याच्या मते आदल्या संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला. बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत बसलेले होते. त्यांच्या मांडीवरचं पंचांग वाउनकाकांनी उचलून टेबलावर ठेवलं होतं, आणि त्या पानावर सूर्यास्ताच्या वेळेखाली पेन्सिलीची रेघ होती. आठला चार मिनिटं कमी. झेंडा उतरवायची वेळ होईपर्यंत ते बसून राहिले होते.

वाउनकाका दारातच उभे होते. आत येईनात आणि जाईनातही. त्यांनी मला दोनदा सांगितलं की शनिवारी संध्याकाळी त्यांनी पडदे लवकर ओढून घेतले होते, नाहीतर दिसलं असतं. सकाळी उठून बाहेर पाहिलं तर झेंडा वर, दवाने भिजून काठीला चिकटलेला, आणि आठ वाजायला दीड तास बाकी. ते म्हणाले, "मला वाटलं मास्तर चुकले. जन्मात एकदा सापडले म्हटलं. चिडवायला म्हणून आलो मी." मग नाक पुसून म्हणाले, "स्वतःचा झेंडा स्वतःच चढवून गेले. कोणाला काम लावलं नाही."

बाबांना घेऊन गेल्यावर मी अंगणात आले. झेंडा होता तिथेच होता. दव सुकलं होतं आणि वाऱ्यावर तो चांगला फडफडत होता. मला वाटलं, आता लोक येतील. आमच्या गावात कोणाचा झेंडा अर्ध्यावर आला की दुपारच्या आत त्या घराच्या पायरीवर फुलं येतात, कोणी केक आणतं, कोणी नुसतं येऊन बसतं. चर्च सुटलं. रस्त्यावरून माणसं गेली, चालत, सायकलवर. बहुतेकांनी झेंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुढे गेली. कोणी थांबलं नाही. पहिल्यांदा मला कळेना. मग कळलं.

समोरच्या वळणावर सिग्ने राहते. नऊ वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर या गावात नवी आली होती, आणि जानेवारीतल्या एका सकाळी आमचा झेंडा अर्ध्यावर पाहून पांढरी फुलं आणि सफरचंदाचा केक घेऊन आली होती. बाबांनी तिला बसवलं, कॉफी दिली आणि दोन तास ब्रेलबद्दल सांगितलं. तिचाच केक तिला खाऊ घातला. जाताना ती रडत होती, असं बाबा अभिमानाने सांगत. सिग्ने सांगे की तिला हसू आवरत नव्हतं.

तीच सिग्ने आता सायकलवरून आली. एक पाय जमिनीला टेकवून फाटकाशी थांबली.

"काय डॅग्नीताई, रविवारीसुद्धा सुट्टी नाही का मास्तरांना? आज कोण?"

मला साधं उत्तर देता आलं असतं. पण त्या प्रश्नाला त्या अंगणात एकाच पद्धतीने उत्तर द्यायचं असतं. मी म्हणाले, "एस्किल लुनगोर. या गावच्या शाळेतला मास्तर. मृत्यू काल संध्याकाळी, सूर्यास्ताच्या आत."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर तसंच राहिलं, पुढची गोष्ट ऐकायला थांबल्यासारखं. मग सायकल तिच्या हातून सुटली. ती उचलायचं भान तिला राहिलं नाही. फाटकही तिला पटकन उघडता येईना.

तासाभरात पायरीवर फुलं ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येक जण तेच सांगत होता. पाहिला होता झेंडा, पण वाटलं कोणीतरी फ्रेंच असेल. कोणीतरी जुना असेल. बेकरीवाल्याने तर घरी जाऊन पुस्तकात शोधलं होतं की सात एप्रिलला कोण. सगळे खाली मान घालून बोलत होते, जशी त्यांचीच चूक.

संध्याकाळी मी झेंडा उतरवला. चाळीस वर्षांत दोरीला हात लावला नव्हता. हाताला आठवत होतं. आधी पार वर, मग खाली. वाउनकाकांनी कुंपण ओलांडून येऊन झेंड्याचं खालचं टोक धरलं, जमिनीला टेकू नये म्हणून. घडी घालून झाल्यावर ते माझ्यामागोमाग आत आले आणि कॅलेंडरसमोर उभे राहिले. सहा तारखेच्या चौकोनात बाबांच्या बारीक अक्षरात कोल्डचं नाव होतं. वाउनकाकांनी पेन्सिल मागितली. त्या नावाखाली उरलेल्या जागेत त्यांनी मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, मास्तर.

मी म्हणाले, "आता तुम्हालाही लावावा लागेल दर वर्षी झेंडा."

"लावीन की. एका दोरीत दोन कामं." मग ते नाव बोटाने दाखवून म्हणाले, "हा कोण पण?"

मी पेन्सिल परत घेतली. पुन्हा कधीतरी सांगेन म्हणाले. का ते मला तेव्हा नीट कळलं नाही. आता वाटतं, ते उत्तर आधी दुसऱ्या कोणाला तरी द्यायचं राहिलं होतं आणि तो मान मला वाउनकाकांना देववेना.

दफन शनिवारी ठरलं. तेरा तारीख.

त्या आठवड्यात मी बाबांच्याच घरी राहिले. रोज सकाळी सव्वाआठ वाजता मी स्वयंपाकघरात असे, आणि फोन त्याच घरात असे, भिंतीवर, बाबा जिथून मला फोन करत तोच. तो वाजणार नव्हता हे मला कळत होतं. तरी सव्वाआठ उलटेपर्यंत मी पाणी सोडत नसे, नळाच्या आवाजात ऐकू आलं नाही तर म्हणून. चर्चचे पाळक येऊन विचारून गेले की बाबांबद्दल काय सांगू. मी त्यांना जन्माचं साल दिलं, शाळेची सालं दिली, आईचं नाव दिलं. ते लिहून घेऊन म्हणाले, आणखी काही? मी म्हणाले, बाकी गावाला ठाऊक आहे.

शनिवारी आठ वाजता मी झेंडा वर नेला आणि अर्ध्यावर आणला. दोरी बांधून वळले तर वाउनकाकांच्या अंगणातही झेंडा चढत होता. मग समोर सिग्नेकडे. मग बेकरीवर. दहा वाजता आम्ही चर्चकडे निघालो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना, जिथे जिथे काठी होती तिथे तिथे झेंडा अर्ध्यावर होता. लाल, पांढऱ्या क्रुसाचे, वाऱ्यावर सगळे एकाच दिशेला. शाळेच्या वाटेवर, तळ्याशी. त्या दिवशी कोणी कोणाला विचारलं नाही की आज कोण.

आईशेजारी त्यांना ठेवलं. नंतर गावच्या सभागृहात कॉफी झाली, बन, लोणी आणि केक. आमच्याकडे अशा वेळी ज्याला वाटेल तो कपावर चमचा वाजवून उभा राहतो. पहिला उठला तो बाबांचा जुना विद्यार्थी, आता स्वतःच आजोबा झालेला. त्याने बाबांबद्दल काहीच सांगितलं नाही. त्याने होकायंत्राची सुई हलताना पाहणाऱ्या त्या प्राध्यापकाची गोष्ट सांगितली, नऊ मार्चची, बाबा सांगत तशीच, मध्ये तशीच थांबून. मग एक बाई उठली आणि तिने एलिझाबेथ फ्राय सांगितली. कोणीतरी मागून तिचं साल दुरुस्त केलं. मग ब्रेल. सिग्ने उठली नाही, पण ती ओठ हलवून सगळं बरोबर म्हणत होती. एकेक जण उभा राहून नाव घेत होता आणि माझ्याकडे बघून खाली बसत होता. शेवटी वाउनकाका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तूही बोल ना काहीतरी. एखादं नाव आठवत असेल तर."

टोमणा नव्हता तो. बाबांनी त्यांना जे सांगितलं होतं तेच ते खरं धरून चालले होते. मला सांभाळून घेत होते.

"मला जमणार नाही," मी म्हणाले.

घरी परतलो तेव्हा साडेतीन झाले होते. दफन झालं की झेंडा वर न्यायचा असतो, आणि रस्त्यावरचे सगळे झेंडे केव्हाच वर गेले होते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी, घरात असलेल्या सुनांनी ते काम केलं होतं. अर्ध्यावर फक्त दोन राहिले होते, आमचा आणि वाउनकाकांचा. ते आपल्या काठीशी जाऊन उभे राहिले आणि कुंपणावरून म्हणाले, "आधी तू. मग मी."

मी दोरी सोडली आणि ओढली. झेंडा वर जाऊ लागला. दोरी हाताला काचत होती. टोकाला पोचल्यावर कप्पी नेहमीसारखी एकदा करकरली. मी गाठ मारली. पलीकडे वाउनकाकांचा झेंडा वर गेला. ते थोडा वेळ वर बघत राहिले, मग आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. पडदे मात्र ओढले नाहीत.

मी काठीखाली उभी होते, गेल्या शनिवारी ते उभे होते तिथे, आणि त्यांच्यासारखीच मान वर करून बघत होते. दोरी कुठे अडकली नव्हती. आता आत जायला हरकत नव्हती. मी गेले नाही.

"ख्रिस्तेन कोल्ड," मी म्हणाले.

आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. समोरच्या झुडपातला पक्षी उडाला. मी काठीला हात लावला.

"त्रिएस्तला बोटीतून उतरला आणि त्याने एक ढकलगाडी घेतली. सामान त्यात टाकलं आणि ती ढकलत पायी घरी आला, डेन्मार्कपर्यंत. मग शाळा काढली. घोकंपट्टी नाही, नुसत्या गोष्टी. सहा एप्रिल अठराशे सत्तर. मला माहीत होतं, बाबा. शनिवारी तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं. सेमेलवाइसनंतरचे सगळे माहीत होते, एकूण एक. त्या दिवशी वाटेत तुम्ही गप्प झालात, ते मला पुन्हा नको होतं. तुम्ही सांगत राहावं म्हणून मी नाही म्हणायचे. नंतर कधी कधी कंटाळा आला म्हणूनही म्हटलं, तेही खरं आहे. त्या दिवशी चादरींच्या मागे मी होते. तुम्ही वाउनकाकांना म्हणालात ते मी ऐकलं. ते खोटं होतं, बाबा. तुम्ही चांगले मास्तर होतात. मी एकही नाव विसरलेले नाही."